कसं वाटतंय?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या कामोठ्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: लोकांना फोनवरून मानसिक आधार देण्यासाठी स्वयंसेवक हवेत, चार दुपारी ऑनलाइन प्रशिक्षण मिळेल. मी लगेच नाव दिलं. लोकसेवा वगैरे काही नव्हतं. घरातल्या दोघांनी माझे सल्ले ऐकणं बंद केलं होतं आणि मला नवी गिऱ्हाइकं हवी होती.

शिकवणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दुपारी तिनं जाहीर केलं, "सल्ला द्यायचा नाही." झालं, माझी दुकानदारीच बंद! शिवाय 'सगळं ठीक होईल' म्हणायचं नाही, 'देवाची इच्छा' म्हणायचं नाही, स्वतःच्या नणंदेचं उदाहरण द्यायचं नाही. मग काय डोंबल बोलायचं? तर फक्त 'तुम्हाला कसं वाटतंय?' असं विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसण्याचा सराव जोडीजोडीनं झाला. मी गप्प असतानाही जोरजोरात श्वास घेते, अशी माझ्या जोडीदारणीनं तक्रार केली.

मिळालेल्या यादीतला पहिला फोन कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला लावला. "मी मानसिक आधारासाठी बोलतेय," म्हटल्याबरोबर तो उखडला. "मेंटल वाटलो काय तुला?" फोन कट. तेव्हापासून मी 'मानसिक' हा शब्दच गाळला.

दुसरं नाव शेजारच्या गावातल्या एका आजोबांचं होतं. आमची सोसायटी ज्या भातशेतीवर उभी आहे, ती कधीकाळी त्यांच्याच भावकीची. नाव त्यांच्या सुनेनं दिलं होतं. सासूबाई हॉस्पिटलमध्येच गेल्या, शेवटचं घरीसुद्धा आणता आलं नाही. त्या दिवसापासून सासरे कोणाशी बोलत नव्हते, ताटातला भात चिवडून उठत होते. "तीन आठवडे झाले, ताई. सदरा अंगावर लोंबतोय," ती म्हणाली. "असंच चाललं तर हे पन जातील."

तिनं फोन त्यांच्या कानाला लावला. मी आवाज शक्य तितका मऊ केला. "दादा, तुम्हाला कसं वाटतंय?"

श्वास ऐकू जाऊ नये म्हणून फोन तोंडापासून जरा लांब धरला. मग घोगरा आवाज आला, "वाटनारी गेली ना, बाय. आता कसला वाटाचा?"

मला आधी कळेचना. मी विचारत होते त्यांच्या मनाचं, आणि त्यांना ऐकू आलं होतं पाट्यावरचं वाटण. 'मिक्सर आहे ना घरात?' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. कसंबसं गिळलं.

"कसं वाटायच्या त्या?" मी विचारलं.

आणि ते बोलायला लागले. खोबरं किती, मिरची कुठली, लसूण सालीसकट का. वाटता वाटता ती कशी शेजारणीची खबर घ्यायची, आणि मधेच हाक मारून त्यांच्या तळहातावर वाटणाचा गोळा ठेवायची, चाखायला. "हाक मारनाराच नाय आता," म्हणाले आणि ढसाढसा रडले. मीही रडले. रडायचं की नाही, हे प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. पाऊण तासात मी एकही सल्ला दिला नाही. आमच्या घरात हे कोणाला खरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेचा फोन आला. ती हुंदके देत होती. काहीतरी भलतंच विचारून बसलो आपण, आणि गेला म्हातारा, एवढंच मनात आलं.

"काय झालं गं?"

"सासरे कावले माझ्यावर," ती नाक ओढत म्हणाली. "बोलले, हा कालवन हाय का पानी? तुला वाटाला कोनी शिकवला?"

"अगं, मग रडतेस कशाला?"

"दोनदा भात घेतला, ताई."