माझ्या उशिराचा मासा

अख्ख्या पुण्यात माझ्याएवढी अक्षरं कोणी काढली नसतील. वाचली मात्र त्यातली फार थोडी.

मी दत्तू पेंटर. चौथीत शाळा सोडली (शाळेचं म्हणणं वेगळं आहे, पण जाऊ दे) आणि उस्तादांच्या हाताखाली ब्रश धरला. उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले, "दत्त्या, अक्षर वाचायचं नसतं, काढायचं असतं. वाचत बसलास की हात अडतो." मी ते इतकं मनावर घेतलं की चाळीस वर्षं हात कुठं अडलाच नाही! दवाखान्यांच्या पाट्या काढल्या. हिंजवडीत नुसती शेतं होती तेव्हा तिथं 'प्लॉट विकणे आहे' काढलं. 'येथे थुंकू नये' तर झोपेतसुद्धा काढीन. मग फ्लेक्स आला आणि सगळं बसलं. आता मंडईतल्या भाजीच्या भावाच्या पाट्या आणि टेम्पोचे नंबर, एवढंच राहिलंय. शिडी चढताना शिडी कुरकुरते का माझे गुडघे, तेही कळत नाही.

पण पोरगी शिकली. मनीषा. कर्वेनगरात एका शाळेत चौथीला शिकवते. (म्हणजे मी जिथं संपलो, तिथून ती सुरू होते.) तीन वर्षं कंत्राटावर. यंदा तिनं वर्गात नवीनच खूळ काढलं, विचारचित्रं.

"खूळ नाही हो बाबा," ती म्हणाली. "डोक्यातला गुंता कागदावर काढायचा. गोल, बाण, फांद्या. सगळं डोळ्यांपुढं दिसलं की पोरं स्वतः विचार करतात, स्वतः बैठक घेतात, काय करायचं ते स्वतः ठरवतात. मला ओरडावंच लागत नाही."

"गोल आणि बाण तर मी चाळीस वर्षं काढतोय," मी म्हणलं. "मला कुठं विचार आला?"

"तुमचे बाण मुतारीकडे जायचे," सुमन आतून म्हणाली. सुमन म्हणजे माझी बायको. ती आतूनच बोलते, पण लागतं बाहेर.

एका रविवारी मनीषानं घरीच करून दाखवायचं ठरवलं. ड्रॉइंगचा मोठा कागद अंथरला, त्यावर माशाचा सांगाडा काढला. म्हणाली, "डोक्यात अडचण लिहायची. एकेका काट्यावर एकेक कारण. सांगा, आपल्या घरातली अडचण काय?"

मी विचार करायला तोंड उघडलं, तोवर सुमनचा विचार करून झाला होता.

"लिही. बाबा कधीच वेळेवर का येत नाहीत?"

सहा काटे होते. सुमन भाजी निवडत सांगत होती, पोरगी मान खाली घालून लिहीत होती. दहा मिनिटांत मासा गच्च!

"शेपटीवर जागा आहे का गं?" सुमननं विचारलं.

मनीषानं तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या. कपाटापुढं उभं राहून सगळा मासा वाचला आणि हसत हसत परत गेल्या. साखर न नेता! त्या दिवशी दुपारी घरात कोणी नाही बघून मी तो कागद काढला, गुंडाळला आणि माझ्या रंगाच्या पिशवीत तळाला दाबला. संध्याकाळी मनीषानं विचारलं तेव्हा सांगितलं, वाऱ्यानं गेला. सुमननं विचारलंच नाही. तिला तो पाठ होता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मनीषाच्या शाळेचं ठरलं. पुढच्या शनिवारी सकाळी नऊला संस्थेचे अध्यक्ष येणार, पालक येणार, पोरांची विचारचित्रं बघणार. पसंत पडलं तर ही पद्धत सगळ्या शाळेत लागू, मनीषा तिची प्रमुख आणि नोकरी कायम. नाही पडलं तर दिवाळीनंतर कंत्राट संपलं, या आता! मैदानाच्या भिंतीवर एक भलं मोठं विचारचित्र रंगवायचं होतं. मोठ्या बाईंनी विचारलं, कोणाकडून करून घ्यायचं? पोरगी म्हणाली, "माझे बाबा पेंटर आहेत." भरल्या स्टाफरूममध्ये म्हणाली. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मला उगाच ठसका लागला.

कागद तिनं त्या आठवड्याच्या सोमवारीच हातात दिला. तोही मासा. डोक्यात लिहिलेलं, 'शाळेत पाणी वाया का जातं?'

"बाबा, बुधवारी करून टाका. शुक्रवारवर नेऊ नका."

"झालंच समज!" म्हणून मी ती गुंडाळी पिशवीत टाकली.

बुधवारी मंडईतल्या तुकारामची पाटी निघाली. तो बटाट्यावाला, जुना दोस्त. गुरुवारी एकाच्या टेम्पोवर 'आईचा आशीर्वाद' काढायचा होता. आईच्या कामाला नाही कसं म्हणणार? तर काम शुक्रवारवर गेलं. शाळा अर्ध्या दिवसानं सुटलेली, मैदानात मी आणि वॉचमन. पिशवीत हात घातला, हाताला गुंडाळी लागली, उघडली. मासा. बरोबर!

चष्मा घरी होता. (चष्मा वाचायला लागतो. काढायला कशाला?) दोऱ्याला गेरू लावून भिंतीवर सूत मारलं, कागदावर चौकटी, भिंतीवर चौकटी, आणि एकेक चौकट उचलून वर ठेवत गेलो. उभी रेघ, आडवी रेघ, काना, वेलांटी. हात असा चाललाय की काय सांगू! फ्लेक्सच्या बापाला जमणार नाही असं वळण. डोकं लाल, काटे काळे. वॉचमन लांबून बघून म्हणाला, "भारी मासा, काका!" तोही मासाच बघत होता. शेवटी खालच्या कोपऱ्यात, चाळीस वर्षांच्या सवयीनं, माझी सही ठोकली: दत्तू पेंटर. सही मात्र मी नेहमी वाचतो.

मोठ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणं पुढं दोरीवर पडदा लावला आणि छाती काढून घरी आलो.

शनिवारी सुमन आणि मनीषा साडेसातच्या बसनं पुढं गेल्या. "तुम्ही स्कूटरवर या. पण या!" सुमन म्हणाली.

"आलोच!"

मंडईपाशी तुकारामनं हाक मारली. पाटीवरचा 'ट' पुसला गेला होता आणि गिऱ्हाईक 'बटाटे' ऐवजी भलतंच वाचत होतं. दोन मिनिटांचं काम. मग त्यानं चहा सांगितला. चहा टाकून कसं जाणार? मग स्कूटर सुरू होईना. पेट्रोल नव्हतं. शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा पावणेदहा.

पडदा उघडलेला. दोनशे माणसं गप्प उभी, भिंत वाचतायत. म्हणलं, वा! चाळीस वर्षांत माझं अक्षर एवढं मन लावून कोणी वाचलं नव्हतं. पहिल्या रांगेत मनीषा पांढरीफटक. शेजारी सुमन भिंतीकडं बघत एकेका ओळीला मान डोलावतेय.

तेव्हा मीही वाचायला लागलो. वीस फुटांवरून, चष्म्याशिवाय. एवढं मोठं आणि एवढं सुबक की आंधळ्यालाही लागावं!

'बाबा कधीच वेळेवर का येत नाहीत?'

आणि काटे. 'चहा.' 'तुकाराम.' 'स्कूटर (पेट्रोल टाकत नाहीत).' 'कोणीही हाक मारली तरी थांबतात.' 'मोबाईल उचलत नाहीत.' शेवटचा सगळ्यात लांब, '"आलोच" म्हणजे दोन तास.' आणि कोपऱ्यात, कोणाला शंका राहू नये म्हणून, दत्तू पेंटर.

मी हळूच मागं वळलो. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक पोरगी माझ्या सदऱ्यावरचा रंग बघून ओरडली, "बाई! ते बघा, बाबा आले!"

दोनशे माणसं वळली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. गुडघ्यांनी पळायला नकार दिला.

मनीषानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता रडणार. पण तिनं छडी उचलली, भिंतीपाशी गेली. "मुलांनो, पाण्याचा मासा आपण नंतर करू. आज हा आलाय. वर्गप्रमुख, बैठक घे."

वर्गप्रमुख म्हणजे तीच ओरडलेली पोरगी, दोन वेण्यांची. तिनं मला भिंतीपुढं उभं केलं.

"काका, आज उशीर का झाला?"

"जरा स्कूटर..."

"तिसरा काटा," मागून पोरं एका सुरात.

"नाही, म्हणजे त्याआधी एकानं चहा..."

"पहिला!"

"आणि एका माणसाची पाटी..."

"दुसरा! तुकाराम!"

पालक रुमालात हसत होते. अध्यक्ष म्हणजे एक वाळके, सदऱ्यातले म्हातारे गृहस्थ. ते मात्र हसत नव्हते. (त्यांचा चेहराच तसा असावा.) वर्गप्रमुखानं भिंतीवरच्या एकेका काट्यावर बोट फिरवलं, मग म्हणाली, "बाई, हे सहा काटे नाहीयेत. एकच आहे. काकांना कोणालाच 'नाही' म्हणता येत नाही."

तिला तेवढंच दिसलं होतं, पण त्याच्याही मागचं मला दिसलं. फ्लेक्स आल्यापासून मला हाक मारतं कोण? दिवसभरात एखादा तुकाराम. मग मारली हाक तर थांबायचं नाही का? पण हे कुठल्या काट्यावर लिहिणार?

"आणि तुम्ही घरच्यांना 'येतो' म्हणता," पोरगी पुढं म्हणाली, "ते पण 'नाही' म्हणता येत नाही म्हणूनच."

सुमननं मान डोलावली नाही. माझ्याकडं बघितलं.

अध्यक्ष खाकरले. "आमच्या बैठका चार-चार तास चालतात," ते म्हणाले. "मूळ कारण कधी सापडलेलं मला आठवत नाही. मोठ्या बाई, ही पद्धत सगळ्या वर्गांना लावा. या मनीषाबाईंच्या कायम नेमणुकीचा कागद माझ्याकडं पाठवा. आणि पेंटर, स्वतःची नालस्ती इतक्या वळणदार अक्षरात करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

मनीषानं डोळे पुसले. मला वाटलं आता जवळ येऊन 'बाबा' म्हणेल. आली. कानाशी येऊन म्हणाली, "कपाटावरचा कागद वाऱ्यानं गेला होता ना?"

तरी माझी छाती फुगायला लागलीच होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "हा मासा राहू द्या, मुलांना आवडलाय. पण पाण्याचाही हवा. मागच्या भिंतीवर. सोमवारी सकाळी आठला याल?"

आता इथं तरी 'नाही' म्हणायला शिकावं की नाही माणसानं? पण तोंडातून निघून गेलं, "आठला ना? आलोच बाई!"

मागं दीडशे पोरं ओरडली, "सहावा!"

सुमन पिशवी उचलून पुढं आली. म्हणाली, "बाई, सोमवारी आठला हवेत ना? मग यांना घरी सोडूच नका. इथंच ठेवून घ्या."