मायच्या खोलीतलं सागवान

तिरोड्याला घर बांधलं तेव्हा सगळीकडे टाइल्स घातल्या, फक्त मायच्या खोलीत सागवानाच्या पट्ट्या. टाइल्सच्या गारठ्यानं तिचे गुडघे धरतात. गावात ती एकटीच राहायची. ‘तुझ्या पायाला ऊब लागेल, चल आता,’ असं दोन वर्षं विनवल्यावर कुठे ती माझ्याकडे आली. चार महिने बरे गेले. मग तिनं एकच धोशा लावला, ‘मले गावाले नेऊन दे.’ का, ते सांगेना. माझ्या हातचं आवडत नसेल, की जावई कमी बोलतो म्हणून? काही कळेना.

तोवर मी लाकडाच्या सेवेत गुंतले होते. गोंदियाचा दुकानदार म्हणाला, ‘दीदी, पानी बिलकुल मत लगाना, बस ये लिक्विड.’ सुतार म्हणाला, फडकं घट्ट पिळून फिरवा आणि लगेच कोरड्यानं पुसा. शेजारीण म्हणाली, खोबरेल तेल चोळ. चोळलं. मुंग्या आल्या आणि मीच घसरून पडले. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात, पण माझं मनच ठरत नव्हतं. एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत होतं, लाकडावर पाणी राहता कामा नये. ते मी मायला पहिल्या दिवशी सांगितलं आणि मग रोज सांगत राहिले, ‘थेंब सांडला तरी लाकूड गेलं समज.’ माझा आवाज मुळातच चढा.

उन्हाळ्यात तिच्या खाटेजवळ काळा डाग दिसला. भोवती पांढरे ओरखडे. मी कूलरवर संशय घेतला आणि तो खिडकीबाहेर बसवला. मग कामवालीवर घेतला. फिनाइल ओतलंस म्हणून तिला इतकं बोलले की तिनं यायचंच सोडलं. वाळवी असेल म्हणून औषध मारलं. डाग वाढतच गेला. ओरखडे कशाचे, ते तर मुळीच उमगेना. माय त्यावर वाकळ अंथरून बसायची आणि मी वाकळ उचलायला गेले की म्हणायची, ‘राहू दे नं बाई, तू कायले त्याच्या मागं लागून राहिली?’ मला वाटायचं, हिला घराची काही किंमतच नाही.

शेवटी सुतारालाच बोलावलं. तो गुडघ्यावर बसला, डागावर हात फिरवला, वाकून वास घेतला. मग ओरखड्यांवर नख ओढून म्हणाला, ‘मॅडम, हे कोनीतरी राखेनं घासलं हाय. काथ्यानं. भांडे घासते तसं.’

‘आणि काळं कशानं झालं?’

त्यानं एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा अंगणात बसलेल्या मायकडे. ‘पालिश मी मारून देतो. पर आधी तुमच्या मायले इचारा. ओरडू नोका.’

तो गेल्यावर मी मायजवळ जाऊन बसले. तीच म्हणाली, ‘संडासपर्यंत पोचतच नाई, बाई. गुडघे उठू देत नाई. तीनदा झालं. मंग मी दुपारपासून पानीच सोडलं, तरी एक डाव झालंच.’

रोज संध्याकाळी तिचा तांब्या भरलेलाच असायचा. सुकलेले ओठ मी पाहिले होते. वाटलं होतं, ऊन आहे, असेल.

‘मला सांगायचं नाही का?’ मी ओरडलेच.

‘काय सांगू? गावाची भुई असती तं शेन फिरवलं असतं, झालं. तू लहान असताना दिवसातून चारदा फिरवत होती मी. हे तुयं मोलाचं लाकूड. मी कायले नासवू?’

मला रडू फुटलं. तिला कळेना की मी लाकडासाठी रडते की कशासाठी, आणि ती घाबरून पुन्हा पुन्हा म्हणू लागली, ‘घासून देतो नं मी, घासून देतो.’

मी पाणी आणलं. तिनं घटाघटा अर्धा तांब्या प्यायला, मग तोंडापासून दूर धरला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, ‘अजून पिऊ का, बाई?’