मॅडमच्या खुर्चीतले झुरळ

मागच्या श्रावणात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, किन्हवलीत आमच्या स्वयंपाकघरात एका गांधीलमाशीने झुरळाला मिशी धरून चालवत नेले. प्रत्यक्षदर्शी चार: आई, बायको सुनंदा, मी आणि तालुक्याहून पाहणीला आलेल्या मॅडम. सुनंदाच्या बचत गटाला अंगणवाडीच्या जेवणाचे काम मिळणार की नाही, हे या पाहणीवर ठरणार होते.

आठ दिवस आधी सुनंदाने झुरळांचे औषध आणले होते. ते मी फवारू दिले नाही. ही हिरवी-निळी, एकटी राहणारी माशी मला ओट्याखाली दिसली होती. मी तिची माहिती काढली आणि ती सगळ्यांना जेवताना सांगितली. ती झुरळाला आधी छातीत डंख मारते, मग डोक्यात. झुरळ मरत नाही. त्याची पळायची इच्छाच जाते. मग ती त्याला बिळात नेते, अंगावर अंडे घालते आणि बिळाचे तोंड खड्यांनी बुजवते. पुढे अळी त्याला आतून खाते.

"घास तरी गिळू दे रे," आई म्हणाली.

"रोज किती नेते ती?" सुनंदाने विचारले.

"एखादं."

"आनि आपल्याकडं हायत किती?"



मॅडमनी पातेली, डबे, पाण्याचे पिंप पाहिले. खोट सापडली नाही. त्या लोखंडी खुर्चीवर बसून शेरा लिहू लागल्या, तेवढ्यात सिलिंडरमागून माशी उलटी चालत आली. मागे झुरळ, वेसण धरलेल्या बैलासारखे शांत.

"हे झुरळ ना?" मॅडमनी विचारले.

"हाय, पन चाललंय," आई म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवे होते. मी सविस्तर खुलासा केला.

"म्हणजे ही माशी रोज येते?"

"आठ दिवस झाले. एकदाही खाडा नाही."

"आणि रोज झुरळ मिळतं तिला?"

"हमखास."

 तोवर माशी झुरळासकट मॅडमच्याच खुर्चीच्या पोकळ नळीत शिरली. मॅडम उठू लागल्या. अंडे घालून होईपर्यंत हलू नका, अशी मी त्यांना विनंती केली. त्या पाय वर घेऊन बसल्या. माशी बाहेर आली आणि खडे शोधू लागली. पाहणीसाठी चार वेळा झाडलेल्या घरात तिला खडा मिळेना. मी अंगणातून मूठभर आणून तिच्यापुढे टाकले.

शेरा असा: "भांडी स्वच्छ. झुरळे आहेत. जमिनीवर खडे. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणी. त्या वेळी घरमालक घरी नसावेत."

दुसऱ्या पाहणीत गटाला काम मिळाले. त्या दिवशी मी सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत मुरबाडच्या एसटी स्टँडवर होतो.