कवड्यांची चुंबळ

माझ्या मामाने माझ्या मायला फसवलं. बहिणीला एक खोटं सांगितलं, आईला दुसरं, आणि पस्तीस वर्षं दोघींना चार कोसांवर एकमेकींपासून तोडून ठेवलं. हे आधीच लिहून टाकते, कारण मायबद्दल लिहिता लिहिता माझा राग निवत जातो आणि मामाला त्याचा फायदा मी मिळू देणार नाही.

मायला जाऊन सहा आठवडे झाले. ताप डोक्यात गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आर्णीला दुकानात होते. शटर ओढलं आणि मिळाली त्या बैलबंडीने गावी गेले. माय मला ओळखत होती, पण बोलत होती ती बंजाऱ्यांच्या तांड्यातली गोरबोली. मला ती कळते. तांड्यातल्या बाया माझ्याकडून आरसे, मणी, रंगीत दोरे नेतात, त्यांच्याशी भाव करता करता मी ती शिकले. पण कुणब्याच्या घरात जन्म काढलेल्या माझ्या मायच्या तोंडी ती कुठून आली? "याडी, पाणी दे," असं ती म्हणत होती. याडी म्हणजे आई. मी पाणी पाजलं. ती हसली आणि पुन्हा तेच मागितलं… दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

माय आणि मी एकमेकींशी गोड कधीच नव्हतो. बाप गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते. बांगड्यांची टोपली घेऊन मी आर्णीच्या बाजारात बसू लागले. दुसऱ्या पोरींच्या आया शेजारी बसायच्या, माझी माय आमच्या गावच्या वेशीपर्यंत यायची आणि परत फिरायची. लोक विचारत, "पोरीले एकटी काहून धाडतं वं?" ती म्हणे, "तिले येते सारं." येत काहीच नव्हतं. मोठ्या गिऱ्हाइकांशी भांडून भांडून शिकले. छप्पन साली माझं स्वतःचं दुकान झालं. आख्खं गाव पेढा खाऊन गेलं, माय आली नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी भांडले. "तुले माही लाज वाटते काय? लेक बाजारात बसते म्हणून?" तिने तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "जेव. थंडी होते." मी न जेवता उठले आणि वर्षभर तिच्याशी नीट बोलले नाही. तो राग मी तिच्या तिरडीपर्यंत सांभाळला, हे खरं आहे.

एका गोष्टीत मात्र गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नदीवरून दोन घागरी एकावर एक घेऊन ती यायची आणि घागरीला हात लावायची नाही. दोन्ही हात मोकळे, एकात माझा हात. चढावर बाया थांबून तिच्याकडे बघायच्या. "मान नाही, कंबर सांभाळायची," असं तिने मला शिकवलं होतं.

तेरावं झाल्यावर ज्वारीची कणगी रिकामी करायला घेतली. तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत, डोक्यावर घागर ठेवायची चुंबळ निघाली. लाल कापडाची, भोवती कवड्यांच्या दोन रांगा, मधे काचेचे बारीक आरसे. अशी चुंबळ कुणब्याच्या घरात नसते. माझी विधवा आत्या दारात उभी होती. चुंबळ पाहून ती आत आली आणि तिने सगळं सांगितलं. बाप तांड्यात गोऱ्हा घ्यायला गेला होता आणि मायला घेऊन आला. दूर वाशीमकडची मुलगी केली, असं गावात सांगितलं. महिनाभराने मायचा भाऊ शेतात आला. आत्या तिथेच तूर खुडत होती. तो म्हणाला, याडीने तुझ्या नावाने मडकं फोडलं आहे, तू तांड्याच्या माणसाला नुसती दिसलीस तरी तांड्याचा प्रमुख, नायक, याडीला तांड्याबाहेर काढेल. माय त्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, संध्याकाळपर्यंत बसून होती. त्यानंतर ती आर्णीच्या बाजारात कधी गेली नाही… तिथे तांड्यातल्या बाया येतात.

तेव्हा मला कळलं. माय माझी लाज बाळगत नव्हती. वीस वर्षांचं ओझं होतं ते, कणगीजवळच उतरलं. इतकं रडले की आत्याच घाबरली.

चुंबळ मी दुकानात गल्ल्याशेजारी ठेवली. तिसऱ्या बाजाराला एका बाईने ती उलटीपालटी केली. "हिच्या जोडीचं गळणं आमच्या तांड्यात हाय. जमना याडीच्या खुंटीले." गळणं म्हणजे घागरीमागे पाठीवर सोडायचा भरतकामाचा चौकोन. चुंबळ आणि गळणं आई लेकीसाठी एकत्र शिवते. मी तिच्याबरोबरच निघाले.

म्हातारीला नीट दिसत नाही. तिने चुंबळीवरून बोटं फिरवली, एक कवडी फुटकी होती तिथे थांबली. "कुठं घावली?" मी तिच्याजवळ खाली बसले. वाटेत त्या बाईकडून मला कळलं होतं: तिची लेक सक्री, म्हणजे माझी माय, पटकीने मेली असं तिला सांगितलं होतं, मुलाने. परगावी मेली, तिथेच पुरली, म्हणून. मी म्हणाले, "सक्री तवा मेली नाही याडी. मी तिची लेक. ती मागल्या महिन्यात गेली."

मला वाटलं, म्हातारी आता कोसळेल. ती विचारत राहिली. सासू कशी होती? घरवाला मारायचा काय? घागरी हात सोडून आणायची काय? मी एकेक सांगत गेले. मग ती म्हणाली, "ती पोरगी होती तवाच मी तर तिले रडून बसली. आता एवढं आयुष्य तिचं मले आज भेटलं." आणि हसली. मायसारखी.

मग तिने मला चुंबळ डोक्यावर ठेवून पाणी आणायला लावलं. तांड्याच्या विहिरीवरून मी दोन घागरी आणल्या, हात न लावता. अंगणभर बाया जमल्या होत्या. आता चुंबळ आणि गळणं एकाच खुंटीला आहेत. मी मागितली नाही, तिने दिली नाही.

मामा त्या दिवशी शेतातून आला, मला पाहिलं आणि कुंपणावरूनच फिरला. नंतर निरोप धाडला की पळालेल्या पोरीच्या भावाला कुणी बायको देत नव्हतं, मेलेल्या बहिणीच्या भावाला देत होतं. हा हिशेब मला कळतो. पण चार वर्षांपूर्वी, मामा, तू लेकीच्या लग्नाचे आरसे घ्यायला माझ्या दुकानात आलास. मी भाव सोडेना, तेव्हा तू हसून विचारलंस, "कोनाची हायेस वं?" मी गावाचं आणि मायचं नाव सांगितलं. तू एक शब्द न बोलता मागितला तो भाव दिलास. तेव्हा तुला नातवंडं होती, माझी माय चार कोसांवर भाकऱ्या थापत होती आणि तुझी याडी त्या गळण्यावरची धूळ झटकत होती.

होळीला तांडा जमतो. मी दुकान बंद ठेवून येते आहे. त्या खुंटीखाली, याडीसमोर उभा राहा आणि सांग, माझ्या दुकानात आलास त्या दिवशी तरी तोंड काहून उघडलं नाही?