पाहुण्याला अळणी देत नाहीत

थोरला नोकरीला म्हणून व्हिएतनामला गेला आणि तिथलीच बायको करून आला. पोरगी गुणी, हसरी, पाचवा महिना लागलेली. पण कोल्हापुरात आल्यापासून दोन घासांत जेवण आटपायची आणि मला, सासूला, मराठीत शिकलेलं एकच वाक्य म्हणायची, "आत्ती, पोट भरलं." मला मात्र घोर लागायचा. पोटातल्या बाळाला काय मिळत असेल? आणि असल्या उपाशी घरातून ही एकदा माहेरी गेली, की बाळाला घेऊन परत कशाला येईल?

मुलगा म्हणाला, तिला फो आवडतो, हाडांच्या रश्श्यात तांदळाच्या शेवया. झालं, मी मोबाईल घेऊन बसले. गडहिंग्लजच्या बहिणीकडून शेवया मागवल्या. व्हिडिओतली बाई तुळशीसारखी पानं घालत होती. तुळस मटणात घालायला हात धजेना, म्हणून पुदिना घेतला. मोड आलेले मूग, लिंबू, रश्श्यात चिमूटभर साखर, सगळं केलं. तिनं चार शेवया उचलल्या. "आत्ती, पोट भरलं."

"आई, ही दक्षिणेकडची तऱ्हा," मुलगा म्हणाला. "ही उत्तरेची हाय. त्यांच्यात साखर न्हाय, मूग न्हाय. निवळ रस्सा आन् कांद्याची पात, बास."

"मग आधी सांगाय काय झालतं तुला?" मी त्याच्यावरच उखडले, आणि मलाच रडू फुटलं.

रविवारी पाहुणे जेवायला होते. मीठ-हळदीत मटण शिजल्यावर जे पाणी उरतं ते अळणी. आमच्यात ते लहान पोरांना नाहीतर आजाऱ्याला देतात. पाहुण्याला तांबडा रस्साच पाहिजे, अळणी वाढलं तर गावभर नावं ठेवतील. मी ते घाईघाईनं मसाल्यात ओतत होते, तेवढ्यात वासानं सून आत आली आणि तिनं माझा हातच धरला. तळाशी वाटीभर राहिलं होतं. ते तिनं उरलेल्या शेवयांवर घेतलं, वर कांद्याची पात कापून टाकली आणि ओट्याशी उभ्यानंच खाल्लं. मी बघत होते. आता म्हणेल पोट भरलं, आता म्हणेल.

तिनं वाटी पुढं केली. "आत्ती, अजून हाय?"

पातेलं कोरडं होतं. बाकी सगळ्याचा तांबडा रस्सा झाला होता.

"हाय की," मी म्हटलं, आणि यांच्या हातात पिशवी देऊन त्यांना मटण आणायला पिटाळलं.