जुन्या आवृत्तीचा आधार

माझी बायको वारली, हे मला माझ्या सख्ख्या बहिणीकडून कळलं. बायकोला तर ते माझ्याहूनही उशिरा कळलं.

शोभा, म्हणजे माझी बायको, लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती आणि मेहकरच्या घरात मी एकटा होतो. एकटा म्हणजे किती? कुकरच्या शिट्टीला "आलो, आलो" म्हणण्याइतका! घरात माणसांचे आवाज यायचे ते फक्त रविवारी. त्या दिवशी आम्ही कॉलेजातले चार मित्र मोबाइलवर जमून आमचा जुना खेळ खेळायचो.

हा खेळ म्हणजे मिळून गोष्ट रचणं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली हे फासे टाकून ठरवायचं. (गोष्ट सांगायचं काम माझं, कारण घरी माझं कोणी ऐकत नाही!) अमरावतीच्या होस्टेलात एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्सवरून आम्ही तो शिकलो. पुढे त्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या आल्या, नियम बदलले, पण आम्ही जुनीच धरून बसलो. आता चौघे चार गावांत, म्हणून एका वेबसाइटवर खेळायचो. पात्रं तिथेच ठेवलेली, फासेही तिथेच पडायचे.

एका रविवारी सकाळी वेबसाइट उघडली तर सूचना आली. माझ्या फोनने न विचारता तिचं मराठी केलं: 'जुन्या आवृत्तीचा आधार काढून घेतला आहे. तुमची पात्रे यापुढे उघडणार नाहीत.'

मित्रांना फोन लावले. विज्या म्हणाला, "नवीन आवृत्ती शिकून घेऊ ना बे... पाहू कधीतरी." दुसरा मीटिंगमध्ये होता. (रविवारी!) तिसऱ्याने फोन न उचलता नुसता अंगठा पाठवला. तेव्हा मला कळलं, की खेळ राहू दे, आपला रविवारच गेला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

नेमका तेव्हाच सुलतानपूरहून अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

"जेवला काय रे दिनू?"

"अक्का, माहा आधारच गेला व!"

"काय म्हनतं?"

"सकाळीच कळलं. आता मी कोनासंग बोलू?"

फोन कट! पन्नाशीच्या पुरुषाने हुंदका देत 'आधार गेला' म्हटलं, की आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो.

दुपारच्या आत अक्का दारात. "शोभे, माय व! नातू पाहाले गेली अन् तिकडूनच गेली!" तिच्यामागे भाऊजी, काखेत प्लास्टिकची फाइल. मला काही उमगायच्या आत त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दिनकरराव, घाबरू नका. अंगठा लागत नसन. माह्याही आधारले नव्हता लागत. बोटाले लिंबू चोळा."

"अवं, त्याची बायको गेली अन् तुमाले लिंबू सुचून राह्यलं?" अक्का कडाडली.

"बायको गेली? तू त मले आधार गेला म्हने!"

"बायको गेली?" हे मी!

मला वाटलं, पुण्याहून बातमी आधी अक्काकडे आली असणार. मी आता खरंच गळा काढला. ते ऐकून शेजारच्या खंडारेकाकू पिठलं-भाकर घेऊन आल्या, कारण दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही. ताटली ठेवून त्याही रडायला बसल्या. अशा भरल्या घरात माझा फोन वाजला. व्हिडिओवर शोभा होती.

"अहो, लोनच्याच्या बरनीले ऊन दाखवलं काय?"

"माय व! बोलून राह्यली!" अक्का किंचाळली.

"मंग काय मुकी हाओ मी? काऊन रडून राह्यले सगळे?"

मी खाली मान घालून ती सूचना सगळ्यांना वाचून दाखवली. अक्का म्हणाली, "पात्रं उघडत नाही त कुकरची रिंग बदल ना!" शोभा मात्र बरोबर मुद्द्यावर आली.

"म्हंजे थे वेबसाइट तुमचा आधार. अन् मी कोन?"

"तू... तू नवीन आवृत्ती!" मी सावरायला गेलो.

"मंग जुनी कोन होती?"

आणि तिने फोन ठेवला.

अक्का मला फाडून खाईल असं वाटलं होतं. पण तिने ओट्यावरचं एकच ताट, एकच पेला पाहिला आणि म्हणाली, "एकटं वाटून राह्यलं होतं त सांगाचं ना, बाबू."

पिठलं वाया जाऊ नये म्हणून सगळे जेवलो. भाऊजी ढेकर देऊन म्हणाले, "दाखवा बरं, कसा खेळ हाये थो." मी कपाटातून होस्टेलातला फासा काढला आणि आवाज खोल केला. "समोर डोंगर आहे. डोंगरात गुहा, गुहेत खजिना आणि त्यावर बसलेला राक्षस. तुम्ही शूर योद्धे आहात. काय करता?"

"जमीन कशी हाये तिथली?"

"काळी."

"मंग कांदा लावतो."

"भाऊजी, राक्षस!"

"थो कुठं आपल्या वावरात येऊन राह्यला?"

संध्याकाळच्या गाडीने दोघं गेली. घर पुन्हा गप्प झालं. पुढच्या रविवारी मी उगाच फोन पुसत बसलो होतो, तर तो वाजला.

"दिनकरराव, माह्या कांद्याचं काय झालं?"

तेव्हापासून दर रविवारी आमचा खेळ फोनवर चालतो, कुठल्याच आवृत्तीत न बसणारा. राक्षस गुहेत कंटाळलाय. आयुष्यभर पिशाच्चं नाचवलेला मी आता फासे टाकून भाऊजींच्या कांद्यावर पाऊस पाडतो. परवा फासा वाईट पडला. नियमाने अख्ख्या वावरावर करपा रोग यायला हवा होता. पण पीक गेलं तर पुढच्या रविवारी भाऊजी फोन कशाला करतील, या भीतीने मी घरात कुणी नसतानाही इकडेतिकडे पाहिलं आणि फासा बोटाने हळूच उलटा केला!