सत्तारभाऊंचा कंडेन्सर

काल मी शिकवते त्या वर्कशॉपमध्ये एका मुलीने मोटर सुरू करून देणारा कंडेन्सर मोटरला जोडलेला असतानाच मीटरवर मापला आणि खराब म्हणून काढायला घेतला. मी तिला नीट समजावलं, पण तिच्याकडे बघवेना. वीस वर्षांपूर्वी सिंदेवाहीजवळ आमच्या विहिरीवर मी हेच केलं होतं.

तेव्हा माझं आयटीआय नुकतंच झालं होतं आणि हातात नवा डिजिटल मीटर होता. पंप नुसता घूं करत होता, फिरत नव्हता. गावोगावचे पंप दुरुस्त करणारे सत्तारभाऊ दोनच दिवसांपूर्वी त्यात नवा कंडेन्सर घालून गेले होते. ते पुन्हा आले, तेव्हा शेजारच्या चार शेतकऱ्यांसमोर मीटर लावून मी म्हणाले, "भाऊ, हा तर जुनाच घातला तुम्ही. मीटर खोटं नाई बोलत."

"मीटर आपला करंट पाठवून मापते, बेटी," ते हळूच म्हणाले. "वायर लागून हाये, तं तो करंट मोटरच्या वाइंडिंगमधूनबी जाते. एक वायर काढून पाय."

वायर त्यांनीच सोडवली. मी पुन्हा मापलं. पन्नास मायक्रोफॅरड, कंडेन्सरवर छापलं होतं तेवढंच. तो चांगलाच होता.

"काय निघालं वं?" बांधावरून एकाने विचारलं.

सत्तारभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. आज कळतं, खरं काय ते माझ्याच तोंडून यावं, याची ते वाट पाहत होते. जुना माल घालणारा म्हणून त्या चौघांनी पुढे त्यांना कधी बोलावलं नाही.

मी मीटर बंद केला आणि म्हणाले, "पाहू नंतर."